दारापुरता ताणा

माळरानावर बोरमाळ नावाचे गाव होते. तिथे मेंढरे फार आणि पाणी थोडे. गावात एक लांब, उतरती आळी होती. वरच्या टोकाला मारुतीचा पार, खालच्या टोकाला ओढा, आणि मध्ये एका ओळीत घरे. घरांसमोर काळ्या दगडांचा गडगा होता. दार उघडले की आधी गडगा दिसे, मग माळ, मग आभाळ.

गावच्या मेंढरांची लोकर पोत्यात भरून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे जाई. तिथून ती घोंगडी होऊन परत येई, आणि ज्यांच्या मेंढरांची ती लोकर, तीच माणसे थंडीत ती घोंगडी विकत घेत. याचे कुणाला काही वाटत नसे. शेती बेताची, म्हणून दिवाळी झाली की आळीतली माणसे दूरच्या खाणीवर खडी फोडायला जात. घरांना कुलपे लागत. पावसाच्या तोंडावर माणसे परत येत, तेव्हा काही दारे उघडत आणि काही उघडत नसत.

पाराजवळच्या पहिल्या घरात ठकूमावशी राहत होती. तिचे माहेर घोंगडी विणणाऱ्यांचे. नवरा वारला, मूलबाळ नव्हते. तिने कळप विकून टाकला आणि सुताराकडून एक माग करून घेतला. लोकांना वाटले, म्हातारी आता विणत बसणार. पण तिने तो माग शेजारच्या सिदाप्पाच्या घरात नेऊन लावला. विणणाऱ्याचे पाय सोडायला जमिनीत खड्डा खणून घेतला, लोकर दिली, आणि सिदाप्पाचा हात बसेपर्यंत रोज त्याच्या शेजारी बसून राहिली.

पहिले घोंगडे बाजारात गेले, तेव्हा सिदाप्पाने विचारले, की मावशी, याबद्दल मी तुला काय द्यायचं.

“मला काय बी नगं,” ठकूमावशी म्हणाली. “तुजं बूड टेकलं की पुढच्या उंबऱ्याला असाच माग लावून दे. लाकडं तू आणायची, पहिल्या घोंगड्याची लोकर तू द्यायची, आन् हात बसंस्तवर शेजारी बसायचं.”

“पुढचा उंबरा भांडकुदळ हाय, मावशी.”

“मग भांडत भांडत शिकीव.”

अशा रीतीने माग आळीतून चालू लागला. एका उंबऱ्यावरून पुढच्या उंबऱ्यावर. कोणाला द्यायचा हे निवडायची सोय कुणालाच नव्हती. जो शेजारी, तोच धनी.

मागाबरोबर आणखी एक रीत आली. घोंगडे विणायचे तर आधी ताणा घालावा लागतो. म्हणजे लोकरीचे उभे धागे लांबच लांब ताणून बांधावे लागतात. मग चिंचोके भाजून, भिजवून, कुटून, शिजवून त्यांची खळ करायची आणि ती कुंच्याने धाग्यांवर चढवायची. खळ चढली की धागा ताठ होतो आणि मागावर टिकतो. पण हे काम भराभर व्हावे लागते. ऊन चढले की अर्धा ताणा ओला आणि अर्धा सुका राहतो. असा ताणा मागावर गेला की तटातट तुटतो.

एका घरच्या हातांनी हे काम होत नाही. म्हणून ज्याचा ताणा असेल त्याने तो आळीतून लांब बांधायचा, आणि ज्याच्या दारासमोरून तो जाईल त्या घराने आपल्या दारापुरता खळवायचा, असे ठरले. कुणी कुणाला बोलवायचे नाही, कुणी कुणाला दिवसाच्या मजुरीचा रोज द्यायचा नाही. सकाळी खुंट्या ठोकल्याचा आवाज आला की माणसे कुंचे घेऊन उंबऱ्याबाहेर येत. ज्यांच्या घरी अजून माग आला नव्हता तीही येत, कारण आज ना उद्या तो त्यांच्या दारी येणारच होता. वरच्या घरची थट्टा खालच्या घरापर्यंत ताण्यावरून पोहोचे. कुणाची सून खळ वाचवते, कुणाचा नवरा कुंचा धरून पेंगतो, सगळे सगळ्यांना कळे.

आळीत कामे निघाली. कुणी लोकर पिंजू लागले, कुणी सूत कातू लागले, कुणी चिंचोके गोळा करू लागले, कुणी घोंगडी पाठीवर टाकून बाजार करू लागले. खाणीचा मुकादम दिवाळीनंतर आला, तेव्हा आळीच्या वरच्या अंगाला त्याला एकही माणूस मिळाला नाही. तो पारावर बसला, पाणी प्यायला आणि खालच्या अंगाला गेला.

चालत चालत माग मायाप्पाच्या घरी आला.

मायाप्पाने मिसरूड फुटायच्या आधीपासून खडी फोडली होती. एकदा दगडाची कपची डोळ्याला लागली, तेव्हापासून त्याच्या एका डोळ्यातून सारखे पाणी येई. अंगाने धिप्पाड, बोलायला कमी. त्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या नागोबाने त्याला माग लावून दिला. मायाप्पाचे हात घणाला सरावलेले. धागा त्याच्या बोटांत येताच तुटे. नागोबा म्हणे, “लेका, तू घोंगडं विणतोस का कुंपण घालतोस?” पण नागोबा उठून गेला नाही. शेवटी एक घोंगडे झाले. ते एका बाजूला इतके कलले होते की बाजारात कुणी घेतले नसते. मायाप्पाची बायको हौसा म्हणाली, की हे आपल्यालाच राहू दे.

त्या वर्षी मुकादम आला, तेव्हा मायाप्पाने बाहेर येऊन सांगितले, की आता मी येत नाही. मुकादम हसला.

“बघ बाबा. तुजी जागा ठेवतो मी.”

मुकादम सहज बोलून गेला. पण ते शब्द मायाप्पाच्या मनात कुसळासारखे रुतले. मागावर बसला, चार पैसे आले, घरावर नवी कौले चढली, तरी मध्येच त्याला वाटे, खाणीवर आपली जागा अजून रिकामी आहे. ती आपली वाट बघते आहे. मग तो आणखी जोरात विणू लागे.

मायाप्पाच्या खालच्या अंगाचे घर लगमाचे. लगमाचा नवरा खाणीवरच दरडीखाली गेला होता. तिला एक मुलगी, शेवंता. लगमासारखे बारीक आणि एकसारखे सूत आळीत कुणाचे नव्हते. ती मायाप्पाची लोकर कातून देई, तो तिला रोज देई. पण तेवढ्यावर वर्ष निघत नसे. दिवाळीनंतर ती शेवंताला हौसाकडे ठेवून खाणीवर जाई. आता शेवंता मोठी झाली होती. मुकादम म्हणाला होता, की पुढच्या खेपेला पोरीलाही आण, नाहीतर तूही येऊ नकोस, मला जोडी लागते.

लगमाने हे हौसाला सांगितले. ती रडली नाही. फक्त म्हणाली, की मी मरेन तोवर दगड उचलीन, पण पोरीच्या डोक्यावर पाटी ठेवणार नाही. आता माग येईल तेवढाच आधार.

माग यायचाच होता. मायाप्पाने सुताराकडून लाकडे आणली आणि घराच्या बाहेरच्या भिंतीला उभी करून ठेवली. लगमा येता जाता ती लाकडे बघे. तिने आपल्या घरातला एक कोपरा मोकळा केला. माणसाची वाट न बघता माय-लेकींनी पहारीने मागाचा खड्डा खणला, शेणाने सारवला. शेवंता त्या खड्ड्यात पाय सोडून बसे आणि हातांनी आडवा धागा नेणारा धोटा खोटाखोटा फेके.

याच सुमारास तालुक्याचा व्यापारी बोरमाळला आला. त्याने मायाप्पाच्या घरचे घोंगडे हातात घेतले, उन्हाकडे धरले, बोटांनी चाचपले.

“हे सूत कोणाचे?”

मायाप्पाने सांगितले, की शेजारीण कातते.

“असेच सूत, अशीच वीण. तू जेवढी देशील तेवढी मी घेईन,” व्यापारी म्हणाला आणि निघून गेला.

मायाप्पाने त्या दिवशी माग चालवला नाही. तो बसून विचार करत राहिला. लगमाच्या घरी माग गेला, की ती आपल्यासाठी कातणार नाही. ती स्वतःसाठी कातेल. तिचे घोंगडे आपल्यापेक्षा चांगले होईल. व्यापारी मग एक दार पुढे जाईल. आणि आपण? आपली जागा तर मुकादमाने ठेवलेलीच आहे.

त्याने आधी लोकर महाग आहे म्हणून थांबायचे ठरवले. मग तिच्या घराचे छप्पर गळते, माग भिजेल, असे कारण काढले. छप्पर लगमाने शाकारून घेतले. तेव्हा तो म्हणाला, की दसरा होऊ दे. दसरा झाला.

एक दिवस लगमा पाणी घेऊन आली, तर भिंतीला लाकडे नव्हती. मायाप्पाच्या घरातून सुताराच्या हातोडीचा आवाज येत होता. पहिल्या मागाच्या शेजारी दुसरा माग उभा राहत होता.

हौसा चुलीपाशी होती. ती नवऱ्याला म्हणाली, “ती लाकडं तिची हुती.”

“मी तिला काम देतो न्हवं?” मायाप्पा म्हणाला. “दोन माग झालं म्हंजे दुप्पट सूत लागंल. तिला दुप्पट रोज मिळंल. तिचंच भलं हाय.”

“मग तिच्या घरात जाऊन सांगा की तिला.”

तो गेला नाही. दोन दिवसांनी त्याचा ताणा आळीत पडला. लगमा आपल्या दारापुरता खळवायला कुंचा घेऊन बाहेर आली. तिने खाली मान घालून काम केले, एकही धागा सुका ठेवला नाही. सगळे झाल्यावर तिने कुंचा धुतला आणि एकदाच विचारले.

“मायाप्पादादा, खड्डा बुजवू का तसाच राहू देऊ?”

“राहू दे की, वैनी,” मायाप्पा म्हणाला. “बुजवायची काय घाई हाय.”

या उत्तरावर त्याने आणखी एक वर्ष काढले; दोन मागांचे सूत कातत लगमा ते वर्ष गावातच राहिली.

ठकूमावशीच्या कानावर गोष्ट गेली. ती फार थकली होती. काठी टेकत, प्रत्येक उंबऱ्यावर दम खात ती आळी उतरून आली. आत येऊन तिने दोन्ही माग पाहिले. मायाप्पाने तिला बसायला घोंगडे घातले. ती बसली नाही.

मायाप्पाने पुष्कळ सांगितले. किती जणांना त्याच्यामुळे काम मिळते, पिंजणाऱ्या बाया किती, चिंचोके आणणारे किती. दोन मागांनी जे होते ते एकाने होत नाही. लगमाला रोज वेळेवर मिळतो. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली,

“माग तुजा न्हवता, मायाप्पा. तुज्या घरी उतरला हुता. पाव्हण्याला कुणी कोंडून ठेवतं का?”

 मायाप्पाच्या डोळ्यातून पाणी आले, पण ते त्या डोळ्यातून नेहमीच येई. म्हातारी काठी टेकत परत चढून गेली. ती पुन्हा खाली आली नाही. थंडीत ती वारली. तिच्या तिरडीवर सिदाप्पाने विणलेले घोंगडे घातले होते.

मायाप्पाला वाटले होते, लोक आता आपल्याला बोलतील, आपल्या दाराशी यायचे बंद करतील. तसे काही झाले नाही. झाले ते वेगळेच. आळीच्या वरच्या घरांनी पाहिले, की मायाप्पाने रीत मोडली आणि त्याच्यावर आभाळ कोसळले नाही. उलट त्याच्या घराला नवी कौले आहेत. नागोबाच्या मनात आले, मीच याला शिकवले आणि हा माझ्यापुढे गेला. त्याने दुसरा माग घेतला. नागोबाचा पाहून सिदाप्पाने घेतला. मायाप्पाच्या वरच्या प्रत्येक घरात दोन-दोन माग झाले. प्रत्येक जण म्हणू लागला, की मी काम देतो.

मग एका सकाळी सिदाप्पाचा ताणा पडला, आणि नागोबाच्या घरातून कुणी बाहेर आले नाही. नागोबाने आतूनच सांगितले, की माल त्याचा, खळही त्यानेच चढवावी, नाहीतर रोज द्यावा. दुसऱ्या दिवशी नागोबाचा ताणा पडला, तेव्हा सिदाप्पा पाराकडे तोंड करून बसून राहिला. आळीतली थट्टा बंद झाली. आता लोक रोज देऊन खळ चढवून घेऊ लागले. रोजावरची माणसे घाई करत नसत, आणि त्यांनी का करावी? तो ताणा त्यांच्या घरी कधी येणार नव्हता.

व्यापाऱ्याला हे सोयीचे झाले. तो एकाच्या दारात दुसऱ्याचा भाव सांगे आणि दुसऱ्याच्या दारात पहिल्याचा. घोंगड्याचा भाव उतरला, तसा मायाप्पाने कातण्याचा रोज उतरवला. लगमाला सांगायला त्याने हौसाला पाठवले. हौसा गेली आणि परत येऊन बराच वेळ भाकरी थापत राहिली. लगमा काय म्हणाली, हे तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही.

दिवाळीनंतर मुकादम आला. या वेळी तो खालच्या अंगाकडून वर आला. लगमाच्या दारात थांबला. सकाळी मायाप्पा उठून बाहेर आला, तर लगमाच्या दाराला कुलूप होते. ती शेवंताला घेऊन गेली होती. खालची बाकीची घरेही गेली होती. त्यांच्याकडे माग कधी पोहोचलाच नव्हता. वाट बघायची असते ती काहीतरी येणार असले तर.

त्या वर्षी व्यापाऱ्याने मायाप्पाला मोठे काम दिले. कुठल्याशा संस्थानात पुढच्या थंडीआधी ढीगभर घोंगडी हवी होती, सगळी एकसारखी. मायाप्पाने तिसरा माग घेतला. लोकर भरून ठेवली. कातायला दुसऱ्या गावच्या बाया आणल्या. त्यांचे सूत कुठे जाड, कुठे बारीक. तरी त्याने ते चालवून घेतले. मग एवढा लांब ताणा घातला, की तो ओढ्यापर्यंत गेला.

सकाळी खुंट्या ठोकल्याचा आवाज झाला. दारे उघडली नाहीत. वरच्या घरांनी उघडली नाहीत आणि खालच्या घरांना कुलपे होती.

मायाप्पा आणि हौसा दोघे कुंचे घेऊन धावू लागले. रोजावर आणलेली माणसे आपापल्या चालीने काम करत होती. मायाप्पा आपल्या दारासमोरचा ताणा खळवून लगमाच्या दारासमोर आला, तेव्हा ऊन गडग्याच्या वर आले होते. तिथले धागे अजून कोरडेच होते. त्याने त्यांच्यावर खळ ओतली. तो पुढे धावला. पुढचे दार, त्याच्या पुढचे दार, सगळीकडे धागे पिंजारलेल्या केसांसारखे उभे राहिले होते. तो परत वळला, तर त्याने मघाशी खळवलेले आता वाळून कडक झाले होते.

“पुरं आता,” हौसा म्हणाली. “कुलपांना किती खळ लावणार तुमी?”

तो ताणा मागावर चढवला, तेव्हा सारखा तुटत राहिला. गाठी मारून मारून जी घोंगडी झाली, ती व्यापाऱ्याने दारातूनच परत पाठवली. पुढच्या खेपेला तो बोरमाळला आलाच नाही. दूरच्या शहरातून गिरणीची घोंगडी येऊ लागली होती. ती पातळ होती, पण एकसारखी होती.

मायाप्पाने बरेच दिवस माग चालवला नाही. पाऊस येऊन गेला, तरी या वर्षी लगमा खाणीवरून परतली नाही. एक दिवस त्याने एक माग सुटा केला, लाकडे गाडीत घातली, वर काळ्या लोकरीचे पोते ठेवले आणि बैल जुंपले. हौसाने विचारले, कुठे. तो म्हणाला, देणं द्यायला.

खाणीवर पोहोचायला संध्याकाळ झाली. तळावर धूर होता. लगमा झोपडीपुढे चूल पेटवत होती. ती वाळली होती. शेवंता पाटी उपडी करून तिच्यावर बसली होती. तिचे केस दगडाच्या भुकटीने म्हातारीसारखे पांढरे झाले होते.

लगमाने त्याला पाणी दिले. चांगले वागली. घरची, गावची विचारपूस केली.  मायाप्पाने गाडीकडे हात केला आणि सांगितले, की लाकडं आणली आहेत. पहिल्या घोंगड्याची लोकरही आहे. हात बसेपर्यंत मी शेजारी बसेन. चल.

लगमा गाडीपाशी गेली. पोत्यातून तिने पिंजलेल्या लोकरीची एक वळी, एक पेळू, काढला आणि हातात घेतला. तिच्या गाठोड्यात जुनी टकळी होती, ती तिने आणली. टकळी फिरवली आणि पेळूतून धागा ओढला. धागा थोडा आला आणि अडकला. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, कडा दगडासारख्या झाल्या होत्या. लोकर त्या भेगांत गुंतून राहिली. तिने पुन्हा ओढला. पुन्हा तुटला. मायाप्पाला आपले पहिले दिवस आठवले. तेव्हा त्याच्याजवळ नागोबा बसला होता.

लगमाने बोटांतून लोकर सोडवली आणि पेळू परत पोत्यात ठेवला.

“हात गेलं, दादा,” ती म्हणाली. “उशीर केलास.”

“मग शेवंता शिकंल,” मायाप्पा घाईने म्हणाला. “मी शिकवीन तिला. पोरी, चल. माग लावून देतो तुला.”

शेवंताने मान वर केली. लहानपणी खड्ड्यात पाय सोडून खोटा धोटा फेकणारी ती पोर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने शांतपणे विचारले,

“रोज किती देशील?”

“रोज न्हाई, बाई,” मायाप्पा म्हणाला. “माग तुजा. घोंगडं तुजं. पैसा बी तुजाच.”

शेवंता हसली. मोठी माणसे पोरांना काहीबाही सांगतात, तेव्हा पोरे हसतात तसे हसली.

“असं कुणी देतं व्हय? रोज सांग. मुकादम सांगतो, तसा सांग.”

मायाप्पाने लगमाकडे पाहिले. लगमाने चुलीत फुंकर घातली. धूर झाला आणि तिचे तोंड दिसेनासे झाले.  मायाप्पा गाडी वळवून निघाला. तळाच्या तोंडाशी मुकादम भेटला. त्याने मायाप्पाला ओळखले. विचारले, की जागा बघायला आलास का.

बोरमाळला येऊन मायाप्पाने लगमाच्या घराचे कुलूप तोडले. आत मागाचा खड्डा तसाच होता. त्यात पालापाचोळा साठला होता आणि एका मांजरीने पिले घातली होती. मायाप्पाने पिले उचलून कोपऱ्यात ठेवली, खड्डा साफ केला, शेणाने सारवला आणि माग लावून दिला. त्यावर एकही धागा चढला नाही. दार मात्र तो रोज सकाळी उघडून ठेवतो.

आता आळीत जेवढी घरे उरली आहेत, ती आपापले विणतात. कुणी आळीतून ताणा बांधत नाही. ज्याचा त्याचा ताणा ज्याच्या त्याच्या दारापुरता. मायाप्पा आणि हौसा आपल्या दारासमोर दोन खुंट्या ठोकतात आणि तेवढ्यात खळ लावतात. एवढ्याशा ताण्यात घोंगडे होत नाही. बसायच्या पट्ट्या होतात. त्या बाजारात कुणी फारशा घेत नाही.

हौसाने ते पहिले, एका बाजूला कललेले घोंगडे अजून जपून ठेवले आहे. थंडीत दोघे तेच पांघरतात.

तात्पर्य: आपल्याला उभे राहायला मिळालेला आधार हा शेजाऱ्याच्या दारी पोहोचवायचा असतो; तो घरात कोंडून जो शेजाऱ्याला नुसते रोजावर ठेवतो, तो आधी शेजाऱ्याचे हात घालवतो, मग त्याच्या मुलांचा विश्वास, आणि शेवटी आपले स्वतःचे काम.